ट्रेलरला आतून कडी

टिल्लीला एकटीला जायचं होतं. हे वेल्डरला माहीत होतं, शेजारच्या पोस्टवाल्या बाईंना माहीत होतं, कोपऱ्यावरच्या न्हाव्यालासुद्धा माहीत होतं म्हणे. माहीत नव्हतं ते फक्त मला. आणि मी कोण? तिचा सख्खा मोठा भाऊ, तिच्याच घरात राहणारा, दोन्ही वेळ तिच्यासमोर बसून जेवणारा. आता बोला!

टिल्ली ही माझी धाकटी बहीण. साठी आली तरी टिल्लीच, कारण उंची काही वाढली नाही. जन्मभर चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून तिनं लोकांच्या काचा घासल्या. रिटायर झाली आणि थोड्याच दिवसांत दारात एक जुनाट ट्रेलर आणून उभा केला. गाडीच्या मागे जोडायचा, जिथे मुक्काम असेल तिथे आत झोपायचं, त्यातलाच.

"कुणाचा हा?" मी विचारलं.

"माझा," ती म्हणाली.

हा 'माझा' तिनं इतक्या सावकाश म्हटला होता की माझे कान तेव्हाच उभे राहायला हवे होते. पण मी तोवर खाली वाकून अॅक्सल बघायला लागलो होतो.

दोन चाकांवरची पत्र्याची खोली, बस, एवढंच ते प्रकरण. आत उभं राहिलं तर टिल्लीचं डोकं छताला लागायचं नाही, माझं टाण्णकन लागायचं. जमिनीची फळी एका कोपऱ्यात कुजलेली, कपाटाची दारं एका बिजागरीवर लोंबकळत होती, आणि वास तर विचारू नका. तिला डोंगरातल्या तळ्याकाठी जायचं होतं, तिथे ट्रेलर लावून पूर्ण उन्हाळा काढायचा होता. कोण कोण जाणार, हे विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. एवढीशी बाई एवढं धूड ओढत एकटी कशाला जाईल? मी आहे ना!

आता माझ्याबद्दल सांगायचं तर मी पार्सलच्या गोदामात लोडिंगचा मुकादम होतो. कोणता खोका ट्रकमध्ये कुठे बसेल हे मी ठरवायचो, आणि माझ्या शब्दाबाहेर एक पुडकं हलायचं नाही. माझ्या नाकावर राग असतो असं लोक म्हणतात. खोटं आहे. लोक चुकीचा माल चुकीच्या जागी ठेवतात, मी फक्त सांगतो. जोरात सांगतो, एवढंच.

बायको गेली तेव्हा मी टिल्लीकडे दोन दिवसांसाठी म्हणून आलो आणि राहिलोच. घर तिचं. एक झोपायची खोली, एक पुढची खोली, मागे स्वयंपाकघर. आई होती तोवर टिल्ली आईच्या खोलीत खाली अंथरूण घालून झोपायची, आईला रात्री उठवायला कुणीतरी लागायचं म्हणून. आई गेली, आणि टिल्लीचं अंथरूण पलंगावर चढतंय न चढतंय तोच मी आलो. तिनं ती खोली मला दिली आणि स्वतः पुढच्या खोलीत दिवाणावर झोपायला लागली. खोल्यांना दारं नाहीतच आमच्याकडे, पडदे आहेत. पडदा सारायचा आणि आत शिरायचं. "टिल्ली, माझा चष्मा कुठंय? टिल्ली, पेपर आला का?" ती कपडे बदलत असली तर ओरडायची, मी वळून उभा राहायचो आणि तसाच बोलत राहायचो. भावाबहिणीत कसला आलाय पडदा, असं मी म्हणायचो.

तर ट्रेलर आला आणि माझ्यात जान आली. खरं सांगतो, बायको गेल्यापासून सकाळी उठून करायचं काय, हा प्रश्न माझ्या छातीवर बसलेला असायचा. आता उठलो की थेट अंगणात. कुजलेली फळी उखडली, नवं प्लायवुड घातलं, कडांना डांबर लावलं. जुनं कपाट जाडजूड लाकडाचं होतं, ते काढून फेकलं. ट्रेलरमध्ये प्रत्येक वस्तू हलकी पाहिजे, नाहीतर आधी खोलीच ओढा आणि मग सामान ओढा. त्याच्या जागी पातळ फळ्यांची मांडणी केली, प्रत्येक फळीला पुढून पट्टी मारली, म्हणजे वळणावर डबे उड्या मारणार नाहीत. मी शीळ घालत होतो म्हणे. मला माहीत नाही, टिल्ली तसं म्हणाली. स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून ती माझ्याकडे बघत होती आणि हसत होती, पण डोळे पुसत होती. मी म्हटलं, "कांदा चिरतेस का?" ती "हो" म्हणाली. हातात कांदा नव्हता, हे मला आज आठवतं.

मग मी झोपायच्या फळ्या बसवायला घेतल्या. डावीकडे एक, उजवीकडे एक, बरोबर चाकांच्या वर, मधे चालायला चिंचोळी वाट.

टिल्ली दारात येऊन उभी राहिली. "दादा, एकच फळी पुरे होती. जागा राहिली असती."

"आणि मी काय छपरावर झोपू?"

ती हसली. मग हसू गेलं. काहीतरी बोलण्यासाठी तिनं तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "चहा टाकते."

एवढ्या सगळ्या कामात तिनं स्वतःहून एकच गोष्ट मागितली. दाराला आतून कडी. बाहेरून कुलूप होतं, आतून काहीच नव्हतं. ती मला म्हणाली, "दादा, एक छोटीशी कडी लावशील? आतून?"

"आतून कशाला?" मी म्हटलं. "कोण येतंय तिथे? आणि आलं तरी मी आहे ना."

ती पुन्हा चहा टाकायला गेली. त्या दिवसांत आमच्याकडे फार चहा झाला.

हुकाचं काम वेल्डरकडे होतं. टिल्लीच्या गाडीमागच्या हुकावर, त्या लोखंडी गोळ्यावर, ट्रेलरचा पुढचा दांडा बसतो ना, तिथे जुनी पट्टी झिजलेली होती, आणि साखळी तर बदलायलाच हवी होती. वेल्डर आमच्या जुन्या ओळखीतला. टिल्लीनंच त्याचा पहिला चष्मा करून दिला होता, त्यामुळे तिच्याशी तो आदबीनं बोलतो, माझ्याशी नाही. काम करता करता त्यानं विचारलं, "ताई, एकट्यानं हूक लावता येईल ना? हा खिळा जरा घट्ट जातो."

"एकटी कशाला लावेल?" मी म्हटलं.

वेल्डरनं टिल्लीकडे पाहिलं. टिल्लीनं खिळ्याकडे पाहिलं. मी दोघांकडे पाहिलं आणि मला वाटलं, किती संथ डोक्याची माणसं आहेत ही.

मग सामान. आता हे नीट ऐका, कारण सगळं पुढे यावरच अडलं. ट्रेलर हा दोन चाकांवरचा तराजू असतो. जड वस्तू खाली आणि चाकांच्या वर ठेवायच्या, किंचित पुढच्या अंगाला. म्हणजे दांडा गाडीच्या हुकावर थोडा दाबून बसतो. फार दाबला तर गाडीची मागची बाजू बसते आणि पुढची चाकं हलकी होतात. आणि वजन मागे गेलं तर त्याहून वाईट: दांडा वर उठायला बघतो, आणि वेग वाढला की ट्रेलर मागून शेपूट हलवायला लागतो. एकदा का तो हलायला लागला की गाडीलाच इकडून तिकडे ओढतो. म्हणून दांड्याखाली एक लाकडी ठोकळा उभा करायचा, त्याच्याखाली न्हाणीघरातला वजनकाटा ठेवायचा, चाकं सरकू नयेत म्हणून त्यांना गुटके लावायचे, आणि दांडा किती दाबतोय ते मोजायचं.

हे मी टिल्लीला इतक्या वेळा सांगितलं की ती माझ्याबरोबर म्हणायला लागली. माझ्या आवाजात, भुवया माझ्यासारख्या चढवून. "आणि शेपूट हललं तर काय करायचं?" मी विचारायचो. "ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंग फिरवायचं नाही, पाय हळूच उचलायचा, आणि दादाची आठवण काढायची," ती म्हणायची. शेवटचं तिचं स्वतःचं होतं.

आमच्या ट्रेलरमध्ये चाकांच्या वर दोन फळ्या, म्हणजे दोघांची अंथरुणं. त्यामुळे स्टोव्ह, भांडी, पाण्याचे कॅन आणि धान्याचे डबे मागे गेले, शेवटच्या भिंतीपाशी. हे बरं नव्हतं. गोदामात कुणी असं केलं असतं तर मी त्याला उभा सोलला असता. पण माझ्याकडे उपाय होता. पुढच्या टोकाला मी माझी हत्यारांची लोखंडी पेटी ठेवली, तिच्यावर माझी घडीची लोखंडी खुर्ची, शेजारी माझे बूट, माझा रेडिओ आणि माझ्या पुस्तकांचा खोका. मागे तिचं स्वयंपाकघर, पुढे माझा संसार. काटा बघितला तर अगदी हवा तिथे. मी टाळी वाजवली.

वेल्डर साखळी बसवायला आला होता, तो म्हणाला, "पण ही पेटी पुढे नसली तर?"

"नसेल कशी? माझी पेटी आहे ती. मी जाईन तिथे ती येईल."

त्यावर तो वाकून साखळी आवळायला लागला. मला वाटलं, पटलं त्याला.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मी केस कापायला गेलो. प्रवासाला जायचं तर जरा माणसात दिसावं. न्हाव्याकडे गर्दी होती, बराच वेळ बाकावर बसलो आणि तसाच परत आलो. बघतो तर अंगण रिकामं. गाडी नाही, ट्रेलर नाही. आणि ओट्यावर माझी पेटी, माझी खुर्ची, रेडिओ, बूट, पुस्तकांचा खोका, गुंडाळून बांधलेलं माझं अंथरूण. सगळं ओळीनं, पुसून, व्यवस्थित. रेडिओवर ऊन पडू नये म्हणून तिनं माझा टॉवेल टाकला होता.

मी फाटकाकडे धावलो. तुम्हाला वाटेल, ती मला सोडून गेली म्हणून. नाही हो. ते नंतर. आधी मला तो ट्रेलर दिसला डोळ्यांसमोर. पुढची पेटी नाही, मागे पाण्याचे भरलेले कॅन. सगळं वजन शेपटीला. आणि गावाबाहेर जायचं तर पाण्याच्या टाकीचा उतार लागतो.

पोस्टवाल्या बाई दारात स्कूटर पुसत होत्या. मी म्हटलं, "चला."

"कुठे?"

"टाकीच्या उताराला. टिल्ली गेलीय. ट्रेलर उलटेल."

बाईंनी फडकं टाकलं आणि स्कूटर चालू केली. मी पत्रांच्या पिशवीशेजारी कसाबसा बसलो आणि निघालो. अर्ध्या वाटेत त्या मान न वळवता ओरडून म्हणाल्या, "काका, त्या पळून नाही गेल्या हं. दुपारपर्यंत परत येणार होत्या. एकटीला जमतंय का ते बघायला गेल्यात."

"एकटीला कशाला जमायला पाहिजे?"

"कारण त्यांना एकटीलाच जायचंय! सगळ्या गल्लीला माहितीये. तुम्हाला सांगायला त्यांचा जीव होत नव्हता. म्हणाल्या, दादा कधी नव्हे ते शीळ घालतोय."

मी पत्रांची पिशवी घट्ट धरली. स्कूटरवर वारा तोंडावर येतो, बोलता येत नाही. असं आपलं मी म्हणतो.

उताराच्या तळाशी, रस्त्याच्या कडेच्या खडीवर ती होती. गाडी तिरकी, ट्रेलर तिच्यामागे वाकडा, पण दोन्ही आपापल्या चाकांवर उभे. टिल्ली ट्रेलरच्या पायरीवर बसली होती, हात मांडीत घट्ट धरून. माझा जीव भांड्यात पडला, आणि तो पडल्या पडल्या राग उसळला.

"अक्कल गहाण ठेवलीस काय? मरायचं होतं का? मी काय घसा फोडून सांगत होतो इतके दिवस?"

"ब्रेक नाही मारला," ती म्हणाली. "स्टिअरिंग सरळ धरलं. पाय हळूच उचलला. तो हलत होता दादा, खूप हलत होता, मला आरशात एकदा ट्रेलरची ही भिंत दिसायची, एकदा ती. पण मी ब्रेक नाही मारला."

पोस्टवाल्या बाईंनी तिला पाणी दिलं, माझ्याकडे एक जळजळीत नजर टाकली आणि पत्रं वाटायला निघून गेल्या.

मी खडीवर येरझाऱ्या घातल्या. मग म्हटलं, "खरं आहे का? एकटीला जायचंय तुला?"

"हो."

"माझं काय चुकलं?"

"काहीच नाही रे," ती म्हणाली आणि रडायला लागली. "तू चांगला आहेस. आई चांगली होती. लहानपणी आपण पाच जण एका खोलीत, तेही चांगलं होतं. पण मला आयुष्यात खोली कधी मिळालीच नाही, दादा. मी कधी अशी झोपलेच नाही की पडद्यापलीकडूनसुद्धा दुसऱ्या कुणाचा श्वास ऐकू येत नाही. मला बघायचं होतं कसं वाटतं ते. एक उन्हाळा. मग मी येणारच होते परत, तुझ्यापाशीच." तिनं नाक पुसलं. "जाऊ दे आता. बघितलं ना काय झालं. मला नाही जमायचं. परत चल, तुझं सामान चढव. दोघं जाऊ. मजा येईल."

आता खरं सांगतो. मला आनंद झाला. तिनं 'दोघं जाऊ' म्हटलं आणि मला इतकं हायसं वाटलं की मी लगेच 'बरं' म्हणणार होतो. तळ्याकाठी माझी खुर्ची, माझा रेडिओ, आणि टिल्लीच्या हातचा चहा. घरात एकटं बसायला नको. मला भीती वाटते एकटं बसायची, हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, इथे सांगतो. तिनं तर स्वतःच्या तोंडानं म्हटलं होतं. मला फक्त मान हलवायची होती.

"आत काय सांडलंय बघतो," मी म्हटलं आणि ट्रेलरमध्ये शिरलो. डोकं टाण्णकन आपटलं.

साखरेचा डबा फुटला होता. कॅन मागच्या भिंतीला जाऊन चिकटले होते. उजवीकडची माझी फळी रिकामी, डावीकडे तिचं अंथरूण, नीट घातलेलं, पायाशी घडी केलेली शाल. खाली वाकून साखर गोळा करताना दाराची आतली बाजू माझ्या तोंडासमोर आली. दाराच्या मुठीला तिनं एक दोरी बांधली होती. पडद्याचीच दोरी, आमच्या पुढच्या खोलीतली. दुसऱ्या टोकाला गाठ मारून फास केला होता, आणि चौकटीत एक खिळा ठोकला होता, वाकडा, कारण टिल्लीला खिळा ठोकता येत नाही. दार लावायचं आणि फास खिळ्यात अडकवायचा. झाली कडी.

मी कितीतरी वेळ त्या खिळ्याकडे बघत उकिडवा बसलो होतो. एक कडी मागितली होती तिनं. आणि मी तिला काय दिलं? माझं अंथरूण.

बाहेर आलो. ती पायरीवर सरकून मला वाट देत होती.

"टिल्ली," मी म्हटलं, "तू गाडी बरोबर चालवलीस. एकदम बरोबर. शेपूट हललेला ट्रेलर उतारावर सावरणं भल्याभल्यांना जमत नाही. चूक मालाची होती. आणि माल मी भरला होता."

"मी पेटी काढली म्हणून—"

"काढलीस तर काढलीस! एक पेटी काढल्यावर ट्रेलर हलतो, याचा अर्थ तो आधीपासून चुकीचा भरलेला होता. गोदामातल्या शेंबड्या पोराला कळेल हे. जड माल चाकांवर पाहिजे. आणि चाकांवर कोण झोपलं होतं? मी!" माझा आवाज चढला होता. मी स्वतःवर ओरडत होतो, आणि ते मला नीट जमत होतं, सवय आहे. "ऊठ. कॅन पुढे घ्यायचेत, तात्पुरते. मग हळूहळू घरी. गाडी तू चालव."

"आणि उद्या?"

"उद्याचं उद्या. आधी घरी चल, माझी फळी काढायचीय."

मग तिनं माझा हात धरला आणि तो काही केल्या सोडेना. मी म्हटलं, "अगं सोड, साखर लागलीय हाताला," पण तिनं सोडला नाही, आणि मलाही घाई नव्हती.

घरी येऊन मी उजवीकडची फळी काढली. तिच्या जागी, बरोबर चाकांच्या वर, जमिनीलगत, एक ठेंगणी पेटी बसवली. कॅन, स्टोव्ह, धान्याचे डबे, सगळं त्यात, पट्ट्यानं आवळून. वर झाकण, त्यावर तिला बसता येईल, पुस्तक ठेवता येईल. मागच्या भिंतीपाशी फक्त कपडे आणि उशी. पुढे काहीच नाही. चाकांना गुटके लावले, ठोकळा उभा केला, वजनकाटा ठेवला. टिल्लीनं वाकून वाचला. नंतर मी वाचला. नंतर मी चष्मा पुसून पुन्हा वाचला. काटा जिथे हवा तिथे होता. माझ्या एकाही वस्तूशिवाय.

संध्याकाळी ती एकटी टाकीच्या उतारावर जाऊन आली. मी फाटकाशी उभा होतो. पोस्टवाल्या बाई त्यांच्या फाटकाशी उभ्या होत्या. वेल्डर उगीचच तिकडून जात होता. ट्रेलर वळणावरून आला तो गाडीमागे असा गुमान, आज्ञाधारक, की बाईंनी टाळ्या वाजवल्या. टिल्लीनं खिडकीतून हात काढून राणीसारखा हलवला. मी ओरडलो, "हात आत! स्टिअरिंग धर!"

अंधार पडायच्या आत मी वेल्डरकडून एक कडी आणली. पितळी, जाडसर, सरकवायची. दोरी सोडली, वाकडा खिळा पकडीनं उपटला, आणि कडी बसवली, तिच्या हाताला येईल अशा उंचीवर, माझ्या नाही. चार वेळा सरकवून बघितली. थोडं तेल सोडलं. आता ती आवाज करायची, पण अडकायची नाही.

सकाळी ती निघणार म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा तिच्यासाठी चहा केला. जरा काळा झाला. थर्मासमध्ये भरला, अंगणात गेलो. ट्रेलर गाडीला जोडलेला, साखळी अडकवलेली, दिवे मी तपासलेले. दार बंद होतं. आत ती शेवटचं काहीबाही आवरत असणार.

मी पायरीवर पाय ठेवला, मूठ धरायला हात पुढे केला, तोंड उघडलं, "टिल्ली" म्हणणार, एवढ्यात आतून आवाज आला. सर्रकन, खट्. तिनं कडी लावली होती.

काही नाही, बघत असेल कशी लागते ते. किंवा तिला दोन मिनिटं हवी असतील. मला काय माहीत? तिची खोली, तिला काय करायचं ते करू दे. आत अगदी शांत होतं. मी थर्मास छातीशी धरून पायरीखाली उभा राहिलो. घर माझ्यामागे होतं, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, सगळं आता माझ्या एकट्याचं, आणि मला रडू येत होतं, आणि मला तिचा इतका अभिमान वाटत होता की सांगता सोय नाही.

मग मी हात उचलला आणि बोटांनी दार वाजवलं. दोनदा, हळूच.

"कोण आहे?" आतून टिल्लीनं विचारलं. आवाजात हसू होतं.

"मी आहे," मी म्हटलं. "चहा आणलाय. सावकाश उघड, घाई नाही."